तंबू किनाऱ्यावर की कुणाच्या अंगणात?

वारज्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी तिसरीत आहे. घराचा हप्ता चालू असल्यामुळे सहलीसाठी वर्षाला बारा हजार बाजूला पडतात, त्याहून जास्त नाही. यंदा नवऱ्याने तिघांपुरता तंबू विकत घेतला आणि बेत आखला: नाताळच्या सुटीत अलिबागपासून समुद्राच्या कडेकडेने मालवणपर्यंत गाडीने जायचं, जिथे किनारा आवडेल तिथे तंबू लावायचा, मुक्कामाचा खर्च शून्य. “किनारा सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा,” असं त्याचं म्हणणं. कॉलेजात असताना राजगडावर पद्मावतीच्या देवळात तो कितीदा फुकट झोपला आहे. ताईंना अंधाराची, संडास-बाथरूमची आणि मुलीची काळजी वाटते. त्यांनी हॉटेलचं नाव काढलं की नवरा हिशेब पुढे करतो आणि ‘तू भित्री आहेस’ म्हणून मोकळा होतो. सासूबाईंचं मत, “एवढी हौस असेल तर पैसे साठवून पुढच्या वर्षी जा.” ताई विचारतात: “मी खरंच भित्री आहे का? आणि फुकटात नाही तर निदान स्वस्तात, पण नीट, असं काही जमतं का?”

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: जमतं, तेही तुमच्या बारा हजारांत. पुढच्या वर्षापर्यंत थांबायची गरज नाही. पण त्याआधी तुमच्या यजमानांच्या हिशेबातली एक रक्कम मोजायची राहिली आहे, ती मोजू.

पुणे ते अलिबाग, तिथून किनाऱ्याने मालवण, कोल्हापूरमार्गे परत, शिवाय गावोगावचं आतबाहेर. हे सगळं हजार किलोमीटरच्या आसपास जातं. घाट, वळणं, गावातले अरुंद रस्ते बघता गाडीने लिटरला १५ किलोमीटर दिले तरी नशीब म्हणायचं. म्हणजे ६६-६७ लिटर. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, तेव्हा सात हजार रुपये पंपावरच गेले. उरलेल्या पाचांत तिघांचं आठवडाभराचं खाणं, टोल आणि खाड्या ओलांडायच्या जंगलजेट्टींची, म्हणजे गाडीसकट पलीकडे नेणाऱ्या बोटींची, तिकिटं. मुक्कामाला काही उरतच नाही, म्हणून फुकट किनारा हवा. तुमच्या घरात वाद तंबूवरून चाललाय खरा, पण भांडण मुळात मालवणचं आहे. एवढं लांब जायचं एकदा ठरवलं की तंबू किनाऱ्यावरच टाकावा लागतो.

आता मालवण सोडून द्या आणि बेत श्रीवर्धन तालुका आणि खाडीपलीकडचं वेळास एवढ्यापुरताच आखा. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळ्यावरून दिवेआगर. पुण्याहून साधारण १६५ किलोमीटर. दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता हा माझ्या मते अख्ख्या कोकणातला सर्वांत देखणा तुकडा आहे. समुद्र उजव्या हाताला इतका जवळ, की मुलगी मागच्या सीटवरून लाटा मोजत बसेल. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर. तिथून पुढे बागमांडल्याच्या जेट्टीवर गाडी चढवायची, बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि वेळासला जायचं. त्याच वाटेने परत. सगळं मिळून साडेचारशे किलोमीटर, तीस लिटर, तीन हजारांच्या थोडं वर. जे चार हजार वाचले, त्यांत तुमचा मुक्काम बसतो. सागरी महामार्ग रेवसपासून रेड्डीपर्यंत आहे म्हणून तो एका दमात संपवलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? दाभोळ-गुहागर पुढच्या वर्षी, आरे-वारे त्याच्या पुढच्या वर्षी. मुलगी सहावीत जाईपर्यंत मालवण येईल.

आता राजगडाकडे वळू. पद्मावतीच्या देवळात झोपलेला माणूस अंगाने काटक असतो, हे मान्य. पण ती सवय समुद्रावर जशीच्या तशी चालत नाही. गडावर रात्री जमीन होती तिथेच राहते, किनाऱ्यावर राहत नाही. यजमान ज्या गोष्टीला नक्की भुलणार आहेत तीच घ्या: पौर्णिमेचं चांदणं, लाटांचा आवाज, पाण्यापासून वीस पावलांवर तंबू. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट. म्हणजे तिथीच्या आकड्याला तीन चतुर्थांशाने गुणायचं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराच्या आगेमागे, तुम्ही तिघं गाढ झोपलेले असताना, पाणी सर्वांत वर येणार. त्यात पौर्णिमा-अमावस्येला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण. आणखी एक गंमत: पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, थंडीत रात्रीची. संध्याकाळी सहाला ओहोटीची लांबच लांब कोरडी वाळू बघून तंबूची जागा ठरवणारा माणूस मध्यरात्री भिजलेलं अंथरूण काखेत मारून पळतो. हा ठोकताळा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे नेमकी वेळ त्या गावातल्या कोळ्याला विचारावी. पण घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून एवढं गणित तुमची तिसरीतली लेकसुद्धा मांडू शकेल. सहलीचा अभ्यास म्हणून तिलाच द्या.

‘किनारा सरकारचा’ हे वाक्य अर्धं बरोबर आहे. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. पण तिथे तंबू लावता येत नाही, कारण तिथे पाणी येतं. त्याच्या वर जिथे वाळू कोरडी राहते, तिथे बहुतेक ठिकाणी सुरूचं बन असतं, आणि ते वनखात्याने किंवा सामाजिक वनीकरण विभागाने लावलेलं असतं. सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा थर ठिणगीला टपलेला असतो, तिथे चूल किंवा शेकोटी पेटवणं म्हणजे गुन्हा आणि मूर्खपणा दोन्ही. बनाच्या मागे लगेच वाड्या सुरू होतात, नारळ-सुपारीच्या, कुणाच्या तरी पणजोबांनी राखलेल्या. ‘मोकळी जागा’ म्हणून आपल्याला जी दिसते, तिला गावात नाव असतं आणि मालकही असतो.

शिवाय तुम्ही ज्या दिवसांत जाणार, ते कासवांचे दिवस. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत येऊन अंडी घालते. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी राखली; आज गावात कासव महोत्सव भरतो आणि घराघरांत पाहुणे राहतात. किनाऱ्यावर टॉर्च, गाणी, माणसांची वर्दळ असली की मादी वर न येताच परत फिरते. पिल्लंही उजेडाकडे वळतात, आणि तो उजेड समुद्राकडचा नसून तुमच्या तंबूतला असला, तर ती चुकीच्या दिशेला चालत सुटतात. गाडी वाळूत नेण्याचा मोह तर अजिबात नको. घरटं चिरडलं जातं ते वेगळंच, पण एमएच बारा आणि एमएच चौदाच्या गाड्या भरतीत रुतून बसल्या की ट्रॅक्टर शोधत फिरायची वेळ येते, आणि त्या गाड्यांवर कोकणात जे विनोद होतात ते आपण पुणेकरांनी स्वतःहून मिळवलेले आहेत.

मग तंबू कुठे? अंगणात.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले या गावांत घरगुती राहण्याची-जेवणाची सोय करणारी शेकडो घरं आहेत. खोलीचे पैसे परवडत नसतील तर खोली घेऊच नका. सरळ विचारा: “काकू, एक रात्र वाडीत आमचा तंबू लावला तर चालेल का? संडास-बाथरूम वापरू, आणि दोन्ही वेळचं जेवण तुमच्याकडेच घेऊ.” या वाक्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. तुम्ही फुकट जागा मागत नाही, त्यांचं जेवणाचं गिऱ्हाईक म्हणून येताय. जागेचे किती, जेवणाचे किती, हे सामान उतरवण्याआधी बोलून घ्या. नंतर घासाघीस करणं दोघांनाही जड जातं. काही जण जागेचे पैसे नकोच म्हणतील. तेव्हा निघताना त्यांच्याकडचं कोकम, पोह्याचे पापड, जे काय असेल ते विकत घ्या. कुणी नाही म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या दारात विचारा. शनिवार-रविवारी ऐनवेळी विचारू नये, आधी फोन करावा. आधारकार्डाची झेरॉक्स मागतील, ती जवळ असू द्या.

अंगणातही तंबूची जागा डोळे उघडे ठेवून निवडावी लागते. माडाखाली कधीही नाही. पुण्याच्या माणसाला माडाखाली झोपणं म्हणजे चित्रातलं कोकण वाटतं. कोकणातला माणूस माडाखाली खाटही टाकत नाही, कारण वरून नारळ नाहीतर वाळलेली झावळ कधी सुटेल सांगता येत नाही, आणि भिजलेल्या झावळीचं वजन अंगावर घेऊन बघण्यासारखं नसतं. जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग, लाकडं, पालापाचोळा यांच्यापासून लांब. लाल विंचू आणि फुरसं दोघांचंही ते घर आहे. कोकणातल्या विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी जे काम केलं त्यामुळे कितीतरी जीव वाचले, पण तरी विंचू चावून घ्यायची गरज नाही. तंबूची चेन आत-बाहेर करताना दर वेळी पूर्ण लावायची. चपला-बूट आत घ्यायचे किंवा सकाळी झटकून घालायचे. रात्री बाथरूमला जाताना पायाखाली टॉर्च. काही झालंच तर मंत्र-तंत्र, दंश कापणं, दोरी आवळून बांधणं, यात वेळ न घालवता १०८ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा.

आणि खळ्याबद्दल. घरासमोरचं खळं शेणाने सारवलेलं असेल तर त्यात तंबूच्या खुंट्या ठोकू नका. तुम्ही दुसऱ्या दिवशी निघून जाल, पण ते भोक घरातल्या बाईला दिवाळीपर्यंत दिसत राहील. खुंट्यांशिवाय उभा राहणारा तंबू असेल तर चारी कोपऱ्यांत आत सामान ठेवून भागतं. वाळूमिश्रित जमीन असेल तर खुंटी धरतच नाही; तिथे कापडी पिशवीत वाळू भरून ती हातभर खोल पुरायची आणि दोरी तिला बांधायची. तंबूचं एखादं झडप जमिनीच्या बाजूला उघडं ठेवा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, त्यातले मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. समुद्राच्या बाजूला दार करून ‘वारा येईल’ म्हणून वाट बघणारे रात्रभर घामेजतात. थंडीत दव इतकं पडतं की सकाळी तंबूवरून पाणी ठिबकतं, त्यामुळे वरचं कापड लावायचा कंटाळा करू नका. तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे नेऊ नका, थंडी वाजली तरी. बंद जागेत त्यातून सुटणारा वायू झोपेतच माणूस संपवतो.

खरं सांगायचं तर काकूंशी गप्पा जमल्या की त्याच म्हणतील, “कशाला तो तंबू? पडवीत झोपा.” झोपा खुशाल. मच्छरदाणी बरोबर न्या म्हणजे झालं. तंबू घेतलाय म्हणून तो वापरलाच पाहिजे, असं यजमानांना वाटेल, तेव्हा दोन रात्री तंबू आणि एक रात्र पडवी असा तह करा.

इतर स्वस्त पर्याय थोडक्यात. हरिहरेश्वर, गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी देवस्थानांची भक्तनिवासं आहेत, साधी पण स्वच्छ. सुटीत लवकर भरतात. छोट्या गावच्या देवळाच्या आवारात मुक्काम हवा असेल तर गुरवाला विचारल्याशिवाय पथारी टाकू नये, आणि तिथे मांसाहार-दारू नाही हे वेगळं सांगायला नको. पालखीचे, जत्रेचे दिवस असतील तर विचारूसुद्धा नये. शाळेचं मैदान मोकळं दिसलं तरी ग्रामपंचायतीत बोलून आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालूनच. ‘सी फेसिंग कॅम्प’ नावाने पैसे घेऊन तंबू देणारे बरेच झालेत. तिथे जाणार असाल तर पैसे भरण्याआधी एवढंच बघा: बायकांसाठी वेगळा, आतून कडी लागणारा संडास आहे का, आणि तंबू भरतीच्या रेषेच्या किती मागे आहेत. ही रेषा ओळखायला सोपी असते. वाळूवर सुक्या काड्या, शंख-शिंपले, एखादी फुटकी चप्पल यांची लांबच लांब ओळ दिसते ना, ती. पण तिघांचे मिळून त्या तंबूंचे पैसे खोलीपेक्षा जास्त होतात, हे मी बघितलंय. मग खोलीच घ्या की.

संडास-बाथरूमची तुमची काळजी यजमानांना क्षुल्लक वाटत असेल, पण मला ती अख्ख्या पत्रातली सर्वांत शहाणी ओळ वाटली. अंधार पडायची वाट बघत दिवसभर पाणी न पिणारी बाई सहल करत नसते. रस्त्यात पेट्रोल पंपांवरचं स्वच्छतागृह कुणालाही फुकट वापरता येतं, पेट्रोल भरलं नाही तरी. ताम्हिणी उतरेपर्यंत मात्र फार भरवशावर राहू नका, पौडला उरकून घ्या. पाण्याचा वीस लिटरचा कॅन घरून भरून घ्या. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा मचूळ लागतं.

समुद्रात उतरण्याबाबत यजमानांशी कितीही वाद झाला तरी माघार घेऊ नका. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. सगळे तरुण, धडधाकट. मुलीला गुडघ्यापर्यंतच, तेही एक मोठं माणूस तिच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं असताना. स्थानिक माणूस ‘इथे नको’ म्हणाला की तिथे नको, कारण विचारत बसू नये. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांतून जाते. ती ओहोटीलाच करायची. पाऊणपट तिथेही उपयोगी पडेल.

तारखांचं बघा. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा सोडून द्या. दर चढलेले, घाटात रांगा, किनाऱ्यावर दारूच्या बाटल्या आणि पोलिसांची गस्त. ज्या आठवड्यात तुम्हाला कुणी अंगणात घ्यायला तयार होणार नाही असा आठवडा निवडायचा असेल तर हाच. जानेवारीत शनिवार-रविवारला एखादी सुटी जोडून रजा टाका, शाळेचा एक दिवस बुडला तर बाई रागावणार नाहीत. कॅलेंडरमध्ये अष्टमीच्या आसपासचे दिवस शोधा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही, आणि ओहोटी दुपारी पडते, म्हणजे मुलीला वाळूत खेळायला भरपूर जागा. निघण्याआधी बागमांडल्याची शेवटची जेट्टी किती वाजता सुटते ते फोन करून विचारा. ती चुकली तर तुमचा मुक्काम खाडीच्या अलीकडे होणार आणि काकू वेळासला भाकऱ्या थापून बसलेल्या असणार.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही पत्रात ज्या तीन गोष्टींना घाबरता असं लिहिलंय, त्या तिन्ही तुम्ही नवऱ्याआधी मोजल्यात, एवढंच. पण एक तुम्हालाही विचारते, रागावू नका. हॉटेल म्हटलं की तुम्हाला निर्धास्त वाटतं, ते का? अनोळखी गावातल्या अनोळखी लॉजची कडी लागेलच, असं कशावरून? दोन दारांपलीकडे आजी, सुना, नातवंडं झोपलेली असलेल्या घराच्या अंगणात तुमची मुलगी मला जास्त सुरक्षित वाटते. यजमानांना फुकट हवं, तुम्हाला बंद खोली हवी, आणि दोघांनाही वाटतंय की मध्ये काही नाही.

त्यांच्याशी बोलताना हॉटेलचा विषयच काढू नका. त्यांच्यासमोर पेट्रोलचा हिशेब मांडा आणि तंबूला हो म्हणा. त्याआधी एका शनिवारी रात्री सोसायटीच्या गच्चीवर तंबू लावून तिघं झोपून बघा. सेक्रेटरींना आधी सांगा, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू होईल. कोण घोरतं, कुणाला पाठीखाली जाड सतरंजी लागते, मुलगी रात्री किती वेळा उठते, चेन कुठे अडकते, हे सगळं तिथे कळेल. ‘तीन माणसांचा तंबू’ म्हणजे दोन माणसं आणि त्यांचं सामान, हेही कळेल. आणि सासूबाईंना न्यायचं मनात असेल तर त्यांच्यासाठी पडवीतली खाट आधीच सांगून ठेवा.